जंगलात लपलेलं गाव आणि त्यात खून: अशा रहस्यकादंबऱ्या कोणी वाचल्यात का?

निशाचर_सांगली

मंडळी, केली आर्मस्ट्राँगची ‘सिटी ऑफ द लॉस्ट’ (२०१६) परवा रात्री संपवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढल्या. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: कॅनडाच्या युकॉनमध्ये, रस्ताच पोचत नाही अशा जंगलात रॉकटन नावाचं दोनशेएक माणसांचं गाव. नकाशावर नाही, फोन नाही, इंटरनेट नाही. पैसे भरून आणि जुनं आयुष्य टाकून माणसं तिथे लपायला येतात. कोणी मारकुट्या नवऱ्यापासून, कोणी जुन्या वैऱ्यापासून. एकदा आत गेलं की किमान दोन वर्षं बाहेर पडायचं नाही. केसी डंकन ही डिटेक्टिव्ह आपल्या मैत्रिणीला घेऊन तिथे जाते. गावाला तपास करणारं कोणीतरी हवंच असतं, म्हणून तर दोघींना प्रवेश मिळतो.

मालिकेत एकूण सात पुस्तकं आहेत असं दिसतं. पुढची वाचण्यासारखी आहेत का, की पहिल्यातच मजा संपली? आणि असं गाव खरंच कोणाच्या नजरेला न पडता राहू शकेल का, हा किडा डोक्यातून जात नाहीये. याच जातीचं आणखी काही असेल तर तेही सुचवा, भारतातलं असेल तर उत्तमच. खुनी कोण ते कृपया फोडू नका.

खडूस_वाचक

अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३९ मध्ये एका कादंबरीत दहा जणांना बेटावर नेऊन हा विषय संपवलाय. आता समुद्राच्या जागी बर्फ घातलं की नवी मालिका तयार. शिवाय गावचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, देखणा, तुसडा आणि मनाने चांगला असणारच. चालू द्या.

चिपळूण_ते_व्हाइटहॉर्स

शेरीफबद्दल खडूसरावांचं म्हणणं शंभर टक्के खरं. डाल्टन तुसडाही आहे आणि देखणाही, आणि दर चार पानांनी शिवी देतो. बर्फाबद्दलचं म्हणणं मात्र पटलं नाही.

बेटावर प्रश्न असा असतो की या दहांपैकी कोण. रॉकटनमध्ये गाडी त्याच्या आधीच अडते, कारण मुळात हे दहा कोण तेच ठाऊक नाही. माणसं आपल्याबद्दल जे सांगतात त्यातलं किती खरं याचा पत्ता नाही. खून झाला की पोलीस पहिलं काय करतात? माणसाचा इतिहास काढतात, कुठला, काय करायचा, कोणाशी वाकडं होतं. इथे नेमकं तेच विचारायचं नाही, कारण न विचारण्यावरच तर गाव उभं आहे. खरी कागदपत्रं कौन्सिलकडे, आणि कौन्सिल दूर शहरात बसून गाव चालवणार. निशाचर, तुम्ही पहिला भाग वाचलाय म्हणून बोलते: जीव वाचवायला आलेल्यांच्या शेजारीच पैसे मोजून आलेले खरे गुन्हेगार या कौन्सिलने आणून बसवलेत. म्हणजे केसी जेवढं खोल खणेल तेवढा निरपराध माणसांचा आडोसाही उघडा पडत जाणार. बेटावरच्या कथेत हा पेच नसतोच. तिथे सत्य बाहेर आलं की कोणाचं नुकसान होत नाही, खुनी सोडून.

चौथा भाग, ‘वॉचर इन द वुड्स’ (२०१९), मला यासाठी सगळ्यांत आवडला. एक अमेरिकन मार्शल, म्हणजे फरारी पकडणारा सरकारी अधिकारी, जंगलातून थेट गावात येऊन ठेपतो. म्हणतो, तुमच्यातल्या एकाला न्यायला आलोय. कोणाला, ते सांगत नाही. आणि गोळी लागून मरतो. आता बघा, मारलं कोणी हे शोधायचं तर तो कोणासाठी आला होता ते आधी कळायला हवं, आणि गावातल्या निम्म्या लोकांना आतून वाटतंय की माझ्यासाठीच आला असेल. सातव्यात, ‘द डीपेस्ट ऑफ सीक्रेट्स’ (२०२२) मध्ये, कोणीतरी एकेकाची गुपितं चव्हाट्यावर आणायला लागतं. जे प्रश्न सहा पुस्तकं कोणी विचारले नव्हते त्यांची उत्तरं कोणी न मागता मिळू लागतात, आणि सज्जन शेजारी काय काय करतात ते वाचाच.

आता असं गाव राहू शकेल का. मी युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला औषधाच्या काउंटरवर काम करते, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे नाही, पण थंडी आणि माणसं रोज बघते. युकॉन ४,८२,४४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट. माणसं ४५ हजारांच्या आसपास, त्यातली बहुतेक आमच्या या एका गावात. आकडे बघितले तर दोनशे माणसं लपवणं सोपं वाटेल. पण रिकामं म्हणजे बेवारस नव्हे. इथे १४ फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ रहिवाशांचे समाज, आहेत, त्यातल्या ११ जणांचे सरकारशी करार होऊन स्वतःचा कारभार आहे. तुम्ही जे ‘निर्मनुष्य’ खोरं निवडाल ते कोणाच्या तरी आज्याचं मूस (मोठं हरीण) मारायचं खोरं निघेल. फासे लावणाऱ्यांच्या ट्रॅपलाइन, म्हणजे ठरलेल्या वाटा, नोंदलेल्या आहेत, शिकारीला पाहुणे नेणाऱ्यांचे पट्टे ठरलेले आहेत, आणि उन्हाळ्यात खनिजं शोधणाऱ्यांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत असतात. लेखिकेने गाव वरून दिसू नये म्हणून काहीतरी तंत्र बसवलंय. ठीक आहे, कादंबरीला एक थाप माफ असते.

मला स्वतःला मात्र धुराची काळजी वाटली असती. उणे ४० ला वारा पडला की थंड हवा दरीत तळाशी बसते आणि चुलीचा धूर वर जातच नाही, छपरांच्या वर आडवा पसरून राहतो. दोनशे माणसांच्या लाकडाच्या शेगड्या म्हणजे दरीवर ढगच.

थंडीचा अंदाज यावा म्हणून सांगते, १९४७ च्या ३ फेब्रुवारीला इथल्या स्नॅग नावाच्या विमानतळावर उणे ६३ नोंदलं गेलं. एरवीच्या हिवाळ्यात गाडीच्या पुढून एक वायर लोंबत असते, ती रात्री प्लगात घालून इंजिन ऊबदार ठेवायचं, नाहीतर सकाळी गाडी विसरा. डिसेंबरात दिवस साडेपाच-सहा तासांचा, जूनमध्ये एकोणीस तासांचा, आणि उरलेल्या वेळातही धड काळोख होत नाही. ‘अंधाराचा फायदा घेऊन आरोपी पसार’ हे आपल्या पेपरातलं वाक्य जूनच्या युकॉनमध्ये छापताच येणार नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकात अगदी खरी आहे. इथे माणसाला मागचं विचारत नाहीत. काउंटरवर कितीतरी जण येतात. कुठून आलात विचारलं तर ‘एका उन्हाळ्यासाठी आलो होतो, राहिलो’ एवढंच. पुढचा प्रश्न विचारला की चेहरा बंद होतो. मी ज्या वाडीत वाढले तिथे नव्या माणसाला पाणी देण्याआधी ‘कोणाचे तुम्ही?’ विचारतात, आणि उत्तर आलं की त्याच्या आत्तेच्या सासरपर्यंत जाऊन येतात. आमच्या वाडीत रॉकटन एक दुपार टिकलं नसतं.

खडूस_वाचक

आत्तेचं सासर आवडलं. बाकी मत राखून ठेवतो. चौथ्यापासून सुरुवात केली तर चालेल का? एवढी सात पुस्तकं वाचायला मी निवृत्त नाही.

निशाचर_सांगली

ताई, हे असं कोणी लिहील अशी अपेक्षाच नव्हती, धन्यवाद! एक शंका. त्या गावात लॅब नाही, फॉरेन्सिक नाही. मग त्या थंडीत प्रेत सापडलं तर मरण कधी आलं हे केसीला सांगता तरी येईल का? पहिल्या भागात मी हे वाचताना नुसतं पुढे पळालो.

टपालपेटी

भारतातलं विचारलंत म्हणून. शरदिंदु बंद्योपाध्याय यांची ब्योमकेश बक्षीची ‘चिड़ियाखाना’ (१९५३). दूरदर्शनवरच्या रजित कपूरमुळे ब्योमकेश आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, ही गोष्ट मात्र फार जण वाचत नाहीत. निशानाथ सेन हे निवृत्त न्यायाधीश कलकत्त्याबाहेर ‘गोलाप कॉलनी’ वसवतात. गुलाब, भाज्या, दूध, अंडी असा व्यवसाय, आणि कामाला कोण? समाजाने बाहेर टाकलेली माणसं. डॉक्टरकीचा परवाना गेलेला एक, चोरी करून तुरुंग भोगलेला एक, हाताची बोटं गेलेला एक. जंगल नाही, बर्फ नाही, पण आसरा तोच आणि मागचं न विचारण्याचा शिरस्ताही तोच.

निशानाथ ब्योमकेशकडे येतात ते एका गायब झालेल्या सिनेनटीची चौकशी करायला, आणि रात्री-बेरात्री कोणीतरी त्यांच्याकडे मोटारीचे सुटे भाग फेकतंय म्हणून. मग खून. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये यावर सिनेमा काढला, उत्तमकुमार ब्योमकेश. त्यात तो जपानी माणसाचं सोंग घेऊन कॉलनीत शिरतो, ते बघून हसू आवरत नाही. सिनेमा मला मध्यमच वाटला, गोष्ट वाचा. चिपळूणच्या ताई म्हणतात तो पेच इथे उलटा आहे. गुपितं माहीत असलेला माणूस एकच, मालक, आणि त्याला काय काय ठाऊक आहे याचीच सगळ्यांना भीती.

चिपळूण_ते_व्हाइटहॉर्स

टपालपेटी, ‘चिड़ियाखाना’ मागवते. दुसऱ्या टोकाचं एक तुम्हाला सुचवते: लुईस पेनीची ‘द ब्यूटिफुल मिस्टरी’ (२०१२). क्वेबेकच्या रानात, तळ्याकाठी एक मठ. आत २४ साधू. त्यांचा पंथ शतकांपूर्वीच संपला असं जग धरून चाललेलं, आणि हे मुकाट प्रार्थना गात बसलेले. मग त्यांच्या गाण्याचं एक ध्वनिमुद्रण बाहेर जातं, कमालीचं गाजतं, आणि लपण्यातली गंमतच जाते. खून होतो तो गाणं बसवणाऱ्या उपमठाधिपतीचा. उरले तेवीस. त्यांच्यात मुळात भांडण कशावरून, तर गाणं बाहेर जाऊ द्यायचं की नाही यावरून. मला हे रॉकटनपेक्षाही बांधीव वाटलं, वेग मात्र कमी आहे. अलास्काचं हवं तर डेना स्टॅबेनोची ‘अ कोल्ड डे फॉर मर्डर’ (१९९२), तिला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला होता. तिथे सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखतात, म्हणजे आमची वाडीच, फक्त अस्वलं जास्त.

निशाचर, प्रेताचं. उघड्यावर पडून गोठलेल्या देहाच्या तापमानावरून मरणाची वेळ सांगणं जवळपास अशक्य. शवविच्छेदन करायचं तर आधी देह सावकाश वितळू द्यावा लागतो, घाई केली तर बाहेरून खराब आणि आत दगड. त्यामुळे तपास घड्याळावर नाही, बर्फावर चालतो. शेवटचा बर्फ कधी पडला, देहाच्या खाली किती आणि वर किती, पावलं त्याच्या आधीची की नंतरची. आणि खुन्याचीही पंचाईतच, जमीन दगडासारखी, प्रेत पुरायची सोय नाही.

खोट्या नावाने राहणाऱ्या माणसाचं म्हणाल तर इथे ते खरंच घडलंय. १९३१ मध्ये युकॉनला लागूनच, पलीकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, रॅट नदीजवळ अल्बर्ट जॉन्सन नाव सांगणारा एकजण झोपडी बांधून राहिला. दुसऱ्यांच्या फाशांशी खोड्या करतो अशी तक्रार आली, पोलीस चौकशीला गेले तर त्याने दारातूनच गोळी घातली. मग भर थंडीत महिनाभराहून जास्त पाठलाग. हवालदार मिलन मारला गेला, जॉन्सनला शोधायला विमान आणलं, तरी हा वादळात रिचर्डसन पर्वत ओलांडून युकॉनमध्ये उतरला. १९३२ च्या १७ फेब्रुवारीला ईगल नदीवर पोलिसांनी त्याला मारलं. अंगावर दोन हजारांहून जास्त डॉलर सापडले, खरं नाव सापडलं नाही. २००७ मध्ये थडगं उकरून डीएनए काढला, आपला पूर्वज म्हणून हक्क सांगणाऱ्या घराण्यांपैकी एकाशीही जुळला नाही.

खडूसराव, चौथ्यापासून नको. केसीची बहीण एप्रिल त्यात येते, आणि दोघींचं काय बिनसलंय ते आधीचं माहीत नसेल तर ती नुसती भांडखोर वाटेल. वेळ नसेल तर पहिलं, तिसरं, चौथं, सातवं वाचा. तिसऱ्यात, ‘धिस फॉलन प्रे’ मध्ये, कौन्सिल एका आरोपीला सांभाळायला गावात पाठवतं, आणि तो खरंच खुनी आहे की नाही हेच कोणाला नक्की माहीत नाही. दुसरं चांगलं आहे पण अंगावर येतं, एका बाईला वर्षाहून जास्त गुहेत डांबलेलं असतं, रात्री एकट्याने वाचू नका. सहावं मला ताणलेलं वाटलं. आणि ‘मर्डर ॲट हेवन्स रॉक’ (२०२३) दुकानात आधी दिसलं तरी हात लावू नका. ती पुढची मालिका आहे, सुरुवातीलाच रॉकटनचं काय झालं ते कळून जातं.

खडूस_वाचक

पहिलं मागवलं. शेरीफ चार पानांच्या आत हसला तर परत करीन.