प्रति: पडद्यावरचा चौकोनी डाग
एलईडीपुढे भिंग धरल्यावर पडद्यावर चौकोन पडतो म्हणालात, ती एलईडीतल्या उजेड देणाऱ्या चौकोनी चिपचीच प्रतिमा आहे. भिंग थोडं चिपकडे सरकवा, चौकोन विरघळून मऊ झोत होईल. सांगलीत एकांकिकांना प्रकाशयोजना करताना आम्ही फ्रेनेल स्पॉटमध्ये, म्हणजे भिंग बसवलेल्या रंगमंचाच्या झोतदिव्यात, हेच करतो: दिवा भिंगाजवळ नेला की झोत पसरतो, मागे ओढला की आवळतो.

कडा धारदार आणि आत उजेड एकसारखा हवा असेल, तर मात्र जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट क्योलरांची १८९३ची सुंदर युक्ती वापरा. पहिल्या भिंगाने चिपची प्रतिमा दुसऱ्या भिंगात पाडा. पहिल्याला लागून गोल भोकाचा पत्रा ठेवा आणि दुसऱ्या भिंगाने त्या भोकाची प्रतिमा पडद्यावर आणा. चिपचा आकार पडद्यावर उमटतच नाही. स्लाइड प्रोजेक्टरही असेच चालायचे.