जेवण अंगावर येतं, सिनेमाही अंगावर येतो

कोनाडा

परवा मावशीशी फोनवर बोलताना सहज म्हणाले, "'सैराट' परत पाहिला गं. शेवट अजूनही तेवढाच अंगावर येतो." मावशी ऐंशीच्या घरातली. ती म्हणाली, "मग जरा आडवं व्हायचंस की!" तिच्या लेखी अंगावर येतं ते जेवण. बासुंदी-पुरी झाली की दुपारी डोळे मिटायला लागतात, ते अंगावर येणं.

फोन ठेवल्यावर मीच विचारात पडले. बैल अंगावर येतो, काटा अंगावर येतो, बाळ अंगावर पितं, काम अंगावर पडतं. यातला सिनेमा नक्की कुठून आला? माझं मत, बैलाच्या बाजूने. वाट सोडायला जागाच ठेवत नाही. 'सैराट'च्या शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, आणि मग पडद्यावरचा आवाजच जातो. लहानग्याची पावलं तेवढी दिसतात. आपण खुर्चीत, आणि ते समोरून चालून येतं.

पण हल्ली परीक्षणांत प्रत्येक बरा सिनेमा 'अंगावर येणारा' असतो आणि प्रत्येक रहस्यपट 'थरारक'. दोनच शब्दांवर सगळा कारभार चाललाय. सस्पेन्ससाठी आणि मन पिळवटणाऱ्या कथांसाठी तुम्ही घरात, बोलताना काय म्हणता?

पिवळा दिवा

'थरार' वर्तमानपत्रांनी संपवला. शेवटच्या षटकाचा थरार, दहीहंडीचा थरार, बिबट्याचा थरार, पाठलागाचा थरार. मूळ शब्द थरथरण्याच्या घरातला. ज्याने अंग कापतं तो थरार. आता दोन बस घासून गेल्या तरी थरार. मी तो वापरणं सोडलंय.

अवग्रह

थरथर हे आपल्याकडे फार जुनं लक्षण आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत 'वेपथु' म्हणजे कंप आणि 'रोमांच' हे दोन्ही येतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन तेच सांगतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते'. थ्रिलर पाहणाऱ्याची अवस्था याहून वेगळी काय असते!

मला मात्र 'उत्कंठा'बद्दल बोलायचंय. आज आपण 'उत्कंठावर्धक' म्हणतो तेव्हा पुढे काय होणार याची ओढ, एवढंच अभिप्रेत असतं. संस्कृतात ती आधी विरहाची आहे. विरहोत्कंठिता नायिका आठवा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व म्हणतात, 'यास्यत्यद्य शकुन्तलेति हृदयं संस्पृष्टमुत्कण्ठया'. शकुंतला आज जाणार, हे तर त्यांना पक्कं ठाऊक आहे. रहस्य काहीच नाही, तरीही उत्कंठा! आणि पुढच्याच ओळीत खुद्द 'कण्ठ' येतो, अडवलेल्या आसवांनी दाटलेला. मान उंचावून वाट पाहणं आणि गळा दाटून येणं या दोन्ही गोष्टी या शब्दात राहतात. मूळ विषयात तुम्ही सस्पेन्स आणि भावनेची उत्कटता असे दोन कप्पे केलेत. या एका शब्दात ते एकत्र होते, आपण अर्धा शब्द वापरतोय.

जुनी रद्दी

संस्कृताचं ठीक, पण आमचं शिक्षण वाचनालयाच्या फळीवर झालं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड म्हणजे रहस्यकथा. नारायण धारप म्हणजे भयकथा. रत्नाकर मतकरी म्हणजे गूढकथा. ढोबळ वाटणी आहे, पण वाचनालयात कामाला यायची. मी लावलेला नियम सांगतो. रहस्यकथेत शेवटी उलगडा झाला नाही तर पैसे परत मागावेत, आणि गूढकथेत झाला तरीही मागावेत. भयकथेला उलगड्याशी देणंघेणं नसतं, तिला तुम्ही रात्री पाणी प्यायला उठू नये एवढंच हवं असतं.

आणि सस्पेन्ससाठी छापील मराठीतला सगळ्यात दुष्ट शब्द 'क्रमशः'. अर्थ किती निरुपद्रवी, 'क्रमाने'. साप्ताहिकात नायक दार उघडतो आणि खाली हा शब्द. आठवडा वाया.

रानभेंडी

मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. रहस्य म्हणजे आपल्याला माहीत नसलेलं काही. सस्पेन्सला माहिती लागते. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. माणसं टेबलाशी फालतू गप्पा मारत बसलीयत आणि खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला बॉम्ब माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का. माहीत असेल तर तीच फालतू गप्पांची पंधरा मिनिटं सस्पेन्सची.

याला मराठीत चांगले शब्द आहेत, आपण परीक्षणात आणत नाही इतकंच. पहिलं म्हणजे 'छातीत धस्स होणं', 'दचकणं'. दुसरं म्हणजे 'जीव टांगणीला लागणं'. निकालाच्या आदल्या रात्रीची ती 'धाकधूक'. निशिकांत कामतांचा हिंदी 'दृश्यम' (2015) घ्या. कोण मेलं, कुणाच्या हातून मेलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी पोलिसांसमोर ती धाकटी मुलगी तोंड उघडते तेव्हा आपला जीव टांगणीला. खरं रहस्य त्यात एकच आणि ते अगदी शेवटी. म्हणून मी त्याला रहस्यपट म्हणत नाही. 'टांगणीपट' म्हणावंसं वाटतं, पण ऐकायला ते कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं.

अवग्रह

टांगणी उत्तम! 'सस्पेन्स'चं लॅटिन मूळही लटकवणं असंच आहे, 'सस्पेंड'चंही तेच. म्हणून आपण त्याला 'निलंबित' केलं, त्यातला 'लंब्' धातू म्हणजे लोंबणं. विलंब, प्रलंबित, अवलंबून, ही सगळी लोंबणारी मंडळी. नोकरीतून सस्पेंड झालेला कारकून आणि सस्पेन्स पाहणारा प्रेक्षक एकाच खुंटीला.

जुनी रद्दी

आणि सुटका झाली की जीव 'भांड्यात पडतो'. वर टांगणी, खाली भांडं. व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, पण मला यात कायम स्वयंपाकघरातलं शिंकं दिसतं.

कोनाडा

अहाहा! मग वाईट सस्पेन्सपटाची व्याख्या झाली. टांगलंच नाही आणि भांडं मात्र आणून ठेवलं.

दुसऱ्या भागाकडे कुणी वळतच नाही. 'इमोशनली इन्टेन्स'चं भाषांतर 'भावनिकदृष्ट्या तीव्र' असं हमखास दिसतं. तीव्र असते ती पोटदुखी, नाहीतर पाणीटंचाई.

पिवळा दिवा

'उत्कट' आहे की. रामदासांचं 'उत्कट भव्य तेंचि घ्यावें, मिळमिळीत अवघेंचि टाकावें'.

रानभेंडी

पण 'उत्कट' आता प्रेम आणि कविता यांच्या ताब्यात गेलाय. उत्कट प्रेमकथा चालते. 'सैराट'चा शेवट उत्कट आहे असं म्हणून बघा, जीभ अडते. 'चटका लावणारा' हा शब्दही मला कमी वाटतो. चटका क्षणभराचा, बोट तोंडात घातलं की बरं वाटतं. 'कोसला'त पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. ते वाचून चटका नाही लागला मला, कितीतरी दिवस कामातून मन उडालं होतं. त्याला मी 'चुटपुट'ही म्हणणार नाही, 'हुरहूर' तर नाहीच, ती गोड असते.

जुनी रद्दी

कालवाकालव. काळजात कालवाकालव होणं. भात कालवतात तसं आतलं सगळं कुणीतरी ढवळून ठेवतं आणि मग वेगळं काढता येत नाही. 'श्वास' (2004) पाहताना मला हेच झालं होतं. नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर जाणार हे आजोबांना माहीत, आपल्याला माहीत. आणि आजोबा त्या पोराला दवाखान्यातून बाहेर, जग दाखवायला घेऊन जातात. इकडे शोधाशोध, म्हणजे टांगणीही आहेच. पण त्या सिनेमाला कुणी थरारक म्हटलं तर मी भांडेन.

अवग्रह

हे कण्वांचंच झालं. काय होणार ते ठाऊक आहे, तरी उत्कंठा.

पिवळा दिवा

माझा मुद्दा राहूनच जातोय. या सगळ्यातला एकही शब्द सिनेमाच्या पोस्टरवर बसणार नाही. 'काळजात कालवाकालव करणारा' छापलं तर लोकांना कौटुंबिक मालिका वाटेल. 'थरारक' चार अक्षरी आहे, लाल रंगात चांगला दिसतो. तो जायचा नाही.

कोनाडा

पोस्टरवाल्यांना लखलाभ. मला घरात बोलायला शब्द हवे होते, ते मिळाले.

जाता जाता, काल मावशीकडे गेले होते. रानभेंडींचं वाचून तिला 'दृश्यम' लावून दिला. ताट समोर ठेवूनच बसली. बराच वेळाने मी विचारलं, "कसा वाटतोय?" तर म्हणाली, "बोलू नकोस. घास घशातच राहिलाय." ताटातला भात तसाच होता.

अवग्रह

कंठ!

रानभेंडी

शेवट पाहून काय म्हणाल्या?

कोनाडा

"मला मध्यंतरालाच कळलं होतं." आणि मग भात गरम करून जेवली.