ऑफिसच्या कम्प्युटरला झालंय काय? (सोसायटी ग्रुप, शनिवार)

नाडकर्णी काकू, क-१०४ (सकाळी ८.४०): सुप्रभात. जुलैच्या बिलात माझ्या नावावर ४१० रुपये व्याज लागलंय. ७,८०० चा चेक मी ९ एप्रिललाच सावंत मॅडमच्या हातात दिला होता, पोच माझ्याकडे आहे. ह्यांच्या बायपासच्या वेळीसुद्धा मी मेंटेनन्स एक दिवस चुकवला नव्हता. २१ टक्क्यांनी व्याज लावायच्या आधी एकदा विचारायचं तरी!

परांजपे, खजिनदार: काकू, व्याज काढून टाकतो, सुधारित बिल आजच देतो. यात मॅडमची चूक नाही. पावती टाकताना कम्प्युटर अडकला, बंद करून चालू केला तर एंट्री गेलेली. काल मी स्वतः तिथे बसलो होतो. बटण दाबल्यापासून हिशेबाचं टॅली उघडेपर्यंत १४ मिनिटं, घड्याळ लावून.

सावंत मॅडम, ऑफिस: मी आल्या आल्या बटण दाबते, मग झाडून घेते, देवाला फूल वाहते, तरी तो चालू झालेला नसतो. आणि आतून टक टक आवाज येतो. मला आधी उंदीर वाटला होता.

गोखले काका, अ-३०२: कोणतीही खरेदी तीन कोटेशनशिवाय होता कामा नये.

परांजपे, खजिनदार: गोखलेसाहेब, खरेदीचा विषय अजून निघालेला नाही.

गोखले काका, अ-३०२: निघणार आहे म्हणून आधीच लिहिलं.

म्हात्रे, सचिव: नवीनच घेऊन टाकू. माझ्याकडे एक कोटेशन आहे, ३८,५०० मध्ये मॉनिटरसकट.

पाटील, ब-१०२: कोटेशन कोणाकडचं, कॅमेरेवाल्याकडचंच का? 😀

म्हात्रे, सचिव: पाटील, कॅमेऱ्यांचा विषय एजीएममध्ये संपलेला आहे. मिनिट्स वाचा.

पाटील, ब-१०२: मिनिट्स त्याच कम्प्युटरमध्ये आहेत ना, १४ मिनिटांनी वाचतो.

मंदार, ब-४०३: नमस्कार सगळ्यांना. गेल्या रविवारी परांजपे काकांनी बोलावलं म्हणून मी झाकण उघडून बघितलं होतं. २०१३ चा असेंबल्ड आहे. थर्ड जनरेशन आय-थ्री प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. टॅली, एक्सेल आणि बिलं छापायला तो प्रोसेसर आजही पुरतो. खरी रखडपट्टी डिस्कमुळे आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क लावा आणि रॅम ८ जीबी करा, मिनिटभराच्या आत टॅली उघडेल.

वैशाली, अ-१०१: मंदार, बॅकअप कुठे आहे?

कर्णिक काका, क-३०१: मंदार, एच६१ वर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, ६ चे नाहीत. सेकंदाला ५५० एमबी वाचणारा एसएसडी तिथे निम्म्यावर येणार. सोसायटीने निम्मा माल वाया जाण्यासाठी पैसे का घालायचे? आमच्या खात्यात आम्ही १०,००० आरपीएमच्या डिस्क वापरायचो, त्याही उत्तम चालायच्या.

मंदार, ब-४०३: काका, पोर्टचं तुमचं बरोबर आहे. अडीचशे-पावणेतीनशेच्या वर जाणार नाही. पण आपण त्या वेगासाठी अडकलेलोच नाही. आतली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इथून तिथून मागतं. दर वेळी हेड सरकणार, मग ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबणार. असं सेकंदाला शंभरेक वेळा जमतं, त्यापुढे नाही. १०,००० ची तबकडी घेतली तरी एका फेऱ्याला ६ मिलिसेकंद लागतातच. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारांत जातो, जुन्या पोर्टवरसुद्धा. मी आईच्या २०१२ च्या कम्प्युटरला लावून दिलाय, ती रोज त्यावर पोथी वाचते. येऊन बघा.

कर्णिक काका, क-३०१: येतो. चहा ठेव.

शिल्पा, ब-३०४: मला यातलं कळत नाही, पण विंडोज १० बंद झालंय ना? मग जुन्यावर खर्च कशाला?

मंदार, ब-४०३: शिल्पाताई, सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. आणि या मशीनवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही, त्याला आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आज ना उद्या नवीन लागणार, तेही मी नाकारत नाही. पण अडीच इंची साटा एसएसडी आज घेतला तर उद्या नव्या मशीनमध्येही लावता येतो, पैसे बुडत नाहीत. फक्त कोणी स्वस्तात एम-डॉट-टू, म्हणजे पट्टीसारखा एसएसडी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, त्याची खाच या बोर्डावर नाही.

वैशाली, अ-१०१: बॅकअप कुठे आहे?

म्हात्रे, सचिव: एसएसडीचे किती?

मंदार, ब-४०३: मेमरीचे भाव चढलेत, त्यामुळे विचारूनच सांगतो. सोमवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.

कर्णिक काका, क-३०१: त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे.

पाटील, ब-१०२: काका, ग्रँट रोडला उतरून भडकमकर मार्ग विचारला तर माणसं आपल्यालाच दवाखान्याचा पत्ता देतील.

कर्णिक काका, क-३०१: म्हणून चुकीचंच म्हणत राहायचं? डॉक्टर मोठा माणूस होता.

गोखले काका, अ-३०२: कोणतीही खरेदी तीन कोटेशनशिवाय होता कामा नये. पुन्हा लिहितो, कारण वर गेलं.

शिल्पा, ब-३०४: माझ्या दिरांनी हे पाठवलंय, उपयोग होतो का बघा: "हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा सुरू होते."

मंदार, ब-४०३: नको, नको! बाहेर काढली की आत दव धरतं. डोंबिवलीच्या जुलैत तर नकोच.

पाटील, ब-१०२: त्यापेक्षा डिफ्रॅग मारा, डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग लागतात. मी दुकानात दर महिन्याला मारतो, पळतो घोड्यासारखा.

म्हात्रे, सचिव: हे चांगलं आहे, फुकट आहे. सावंत मॅडम, आत्ताच लावून टाका.

मंदार, ब-४०३: कृपा करून कोणीही लावू नका. सावंत मॅडम, थांबा. रविवारी मी डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितलं तेव्हा पिवळं 'कॉशन' होतं, करंट पेंडिंग सेक्टर दाखवत होतं. म्हणजे काही जागा तिला आता वाचता येत नाहीत, आणि डिफ्रॅग तिला अजून राबवणार. हे मी परांजपे काकांना तेव्हाच सांगितलं होतं.

परांजपे, खजिनदार: सांगितलं होतं, मी कबूल करतो. मी व्याजाची एंट्री शोधण्यात होतो.

वैशाली, अ-१०१: तिसऱ्यांदा विचारते. बॅकअप. कुठे. आहे.

म्हात्रे, सचिव: वैशालीताई, बॅकअप आहे. दर शनिवारी घेतला जातो. रागावू नका.

वैशाली, अ-१०१: रागावले नाही, कुठे आहे एवढंच विचारतेय.

सावंत मॅडम, ऑफिस: ताई, डी ड्राइव्हवर आहे. प्रत्येक तारखेचं फोल्डर केलंय मी.

मंदार, ब-४०३: मॅडम, त्या मशीनमध्ये डिस्क एकच आहे.

सावंत मॅडम, ऑफिस: पण सी वेगळा आणि डी वेगळा दिसतो.

मंदार, ब-४०३: एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत ते. कपाटालाच वाळवी लागली की दोन्ही कप्पे जाणार. तुमची चूक नाही, कोणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. पण आत्ता मशीन बंद करा. बंद करून तसंच राहू द्या.

सावंत मॅडम, ऑफिस: केला बंद. हात कापतायत माझे.

नाडकर्णी काकू, क-१०४: सावंत, पाणी प्या. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.

वैशाली, अ-१०१: नवीन सभासदांसाठी सांगते. २६ जुलै २००५ ला ऑफिसात कमरेएवढं पाणी होतं. सभासदांचं रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटची पानं, सगळं भिजलं होतं. आम्ही गच्चीवर पान पान वेगळं करून दगड ठेवून वाळवलं. माझ्या सासूबाई आणि नाडकर्णी काकू जुनं लुगडं अंथरून त्यावर इस्त्री फिरवत होत्या. शाई पसरलेली नावं आम्ही शेजाऱ्यांना विचारून पुन्हा लिहिली. त्यानंतर ठरलं होतं की सगळं कम्प्युटरवर घ्यायचं आणि एक प्रत बाहेर ठेवायची. पहिली गोष्ट झाली, दुसरी राहिली. म्हणून विचारत होते.

कर्णिक काका, क-३०१: रेषा पुसट झालेली ती पानं अजून कपाटात आहेत. मी बघितलीयत.

गोखले काका, अ-३०२: ३० सप्टेंबरच्या आत एजीएम आहे. हिशेब नसतील तर मांडणार काय? आणि तरीही, तीन कोटेशन.

म्हात्रे, सचिव: गोखलेकाका, आता पुरे. प्रत्येक कामात तुम्ही हेच करता. २०१६ मध्येही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एक पावसाळा गेला तुमच्या कोटेशनपायी.

गोखले काका, अ-३०२: आणि त्याआधी कोटेशन न घेता केलेलं काम दोन पावसाळेही टिकलं नव्हतं, हेही लिहा. लिहायचं तर पूर्ण लिहा.

परांजपे, खजिनदार: दोघांनाही विनंती 🙏 संध्याकाळी ऑफिसात बोलू. मंदार, आज काय करायचं सांग.

मंदार, ब-४०३: मी सहाला येतो. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला केबलने लावतो, म्हणजे तिच्यावरून विंडोज चालवावं लागणार नाही. आधी टॅलीचं डेटा फोल्डर, मग मिनिट्स, मग सभासदांचं रजिस्टर, मग उरलेलं. पूर्ण डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, शेवटी, जमला तर. कोणाकडे एक्स्टर्नल डिस्क आहे का? दोन प्रती हव्यात, आणि त्यातली एक ऑफिसबाहेर.

नाडकर्णी काकू, क-१०४: आमच्याकडे आहे, नातवाच्या बारशाचे फोटो आहेत त्यात. ते पुसू नकोस फक्त.

मंदार, ब-४०३: फोटोंना हात लावत नाही काकू. दुसरं, जुनी डिस्क नंतर भंगारात द्यायची नाही. सगळ्यांच्या आधार आणि पॅनच्या प्रती आहेत तिच्यात, आणि नुसतं फॉरमॅट करून त्या जात नाहीत.

पाटील, ब-१०२: मी भजी आणतो. आणि डिफ्रॅगचं मागे घेतो.

मंदार, ब-४०३ (रात्री ९.५०): टॅलीचं फोल्डर आलं, २०१३ पासून चालू वर्षापर्यंत. एकच वर्ष अडकलंय, २०१६-१७. त्याच्या काही फायलींवर आली की डिस्क खर्र करून थांबते. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जोर लावत नाही. मिनिट्स आणि रजिस्टर सुखरूप. एक प्रत वैशालीताईंच्या कपाटात, एक नाडकर्णी काकूंकडे.

परांजपे, खजिनदार: २०१६-१७ म्हणजे नेमकं वॉटरप्रूफिंगचं वर्ष.

नाडकर्णी काकू, क-१०४: माझ्या पावत्यांची फाइल आहे, २०११ पासूनची. पण ती एका घराची.

गोखले काका, अ-३०२ (रात्री १०.१५): २०१६-१७ चं पूर्ण लेजर माझ्याकडे छापील आहे, ऑडिटरच्या सहीसकट. त्या वर्षी माझ्यावर नाही नाही ते बोललं गेलं, म्हणून मी स्वतःच्या खर्चाने प्रत काढून ठेवली होती. ८६ पानं आहेत.

म्हात्रे, सचिव: काका, सकाळी मी स्वतः येतो घ्यायला.

गोखले काका, अ-३०२: दहानंतर या, आधी पूजा असते. मंदार, सोमवारी मीही येतो तुझ्याबरोबर. ८.२२ ची फास्ट पकडू आणि दादरला बदलू.