मदत हवी आहे: ऑब्लिव्हियनमध्ये २३ व्या लेव्हलले फसलो, आता स्कायरिम घेऊ का?

वावरातला मांत्रिक (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, घरी कपाशी अन् तूर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न गेमचा आहे, पण त्यात रॅम, लाईट अन् घरचे पैसे असं सगळंच गुंतलं आहे, म्हणून जरा लांबवून सांगतो.

दोन वर्षांआधी मामेभावानं त्याचा जुना कॉम्प्युटर मले दिला. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ७. सोबत डीव्हीडींचा डबा आला, त्यात 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' होता. २००६ चा गेम, म्हणजे मी रांगत होतो तेव्हाचा. या मशीनवर तो मस्त चालते, नेटही लागत नाही. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असली की बाबासोबत हरभऱ्याले पाणी द्यायला वावरात, दिवसाची असली की रात्री गेम. असे दोन हिवाळे काढले.

आता फसलो कसा ते ऐका. सुरुवातीलाच गेम विचारते, तुझा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, कोणता? तयार क्लास काही पटले नाहीत, म्हणून स्वतःचा बनवला. सात मुख्य स्किल निवडायचे असतात. मले वाटलं, जे आपण जास्त करतो तेच मुख्य ठेवावं. म्हणून अल्केमी (झाडपाल्याची औषधं बनवणं), ॲथलेटिक्स (धावणं), ॲक्रोबॅटिक्स, मर्कंटाइल (भाव करणं) घेतले अन् उरलेले तीन जादूचे. ॲक्रोबॅटिक्स उड्या मारल्यानं वाढते, तर मी चालणंच सोडून दिलं. माय मागून पाहून म्हणे, "काहून उड्या मारून राह्यला तो? इंगळी चावली का त्याले?" अन् अल्केमी तर शेतकऱ्याच्या पोराले शिकवाच लागत नाही. रस्त्यानं जे दिसलं ते तोडलं. टमाटर, मका, भोपळा. त्या गेमात जवससुद्धा आहे! आमच्या गावात जवस आता चटणीपुरतीच पेरतात, तिथं मी रानोमाळ वेचत हिंडतो.

मुख्य स्किल सगळे मिळून दहा वेळा वाढले की झोपल्यावर लेव्हल चढते. असं झोपत झोपत २३ वर पोचलो. लेव्हल चढली, पण अंगात जोर नाही, अन् शत्रू मात्र माझ्या लेव्हलसोबत वाढत गेले. रस्त्यावरचा लुटारू काचेचं चिलखत घालून येते अन् मागते किती, तर १०० नाणी. ते चिलखत विकलं तर त्याची जिंदगी बसून निघन! फॉर्च्युनरमधून उतरून चिल्लर मागावी तसं. साधा गॉब्लिन मारता मारता माझा मॅजिका, म्हणजे जादूची ताकद, संपून जाते. क्वाच शहराबाहेरचं नरकाचं दार अजून उघडंच आहे. तिकडे मी आधी गेलोच नाही. आता आत पाय ठेवला की मेलो.

सगळे म्हणतात की पुढचा भाग, २०११ चा स्कायरिम, घे. मले तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथंही शत्रू असेच आपल्यासोबत वाढतात का? दुसरं, मी सात शहरांतल्या मांत्रिकांच्या गिल्डच्या (संघाच्या) शिफारशी गोळा करून आर्केन युनिव्हर्सिटीत शिरलो अन् तिथं स्वतःचे मंत्र बनवतो, ते स्कायरिममध्ये जमते का? तिसरं, या मशीनवर तो चालन का? मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा आहे, अन् तूर विकल्याशिवाय बाबाले पैसे मागायची हिंमत नाही.

---

आर्णी रोड:

घे भाऊ, विचार नको करू. ऑब्लिव्हियनमधले ते उकडलेल्या बटाट्यासारखे चेहरे पाहून मले जेवण जात नव्हतं.

---

वणीचा, सध्या पुण्यात:

चेहऱ्यांवर जाऊ नकोस. तुझा प्रश्न वेगळा आहे.

आधी तुझं दुखणं. ऑब्लिव्हियनमध्ये लेव्हल चढताना ताकद, वेग अशा आठ गुणांपैकी तीन गुणांवर बोनस मिळतो, आणि तो किती मिळणार हे त्या गुणाखालचे स्किल त्या लेव्हलमध्ये किती वेळा वाढले यावर ठरतं. दहा वेळा वाढले तर +५, दोन-चार वेळाच वाढले तर +२. ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्स दोन्ही स्पीडखाली येतात, अल्केमी इंटेलिजन्सखाली, मर्कंटाइल पर्सनॅलिटीखाली. म्हणजे तू २३ लेव्हल धावलास, उड्या मारल्यास, भाव केलास. एन्ड्युरन्स, म्हणजे काटकपणा, तसाच राहिला, आणि दर लेव्हलला आयुष्य किती वाढणार हे त्याच्यावरच ठरतं, मागचं भरून मिळत नाही. शत्रूंना तुझं धावणं दिसत नाही, तुझी लेव्हल दिसते. तुझं गणित तिथे चुकलं. चूक तुझी एकट्याची नाही, २००६ पासून हजारो लोक याच खड्ड्यात पडले आहेत.

स्कायरिमनं यातलं बरंच उपटून फेकलं. क्लास नाही, आठ गुण नाहीत. स्किल २१ वरून १८ वर आले, आणि ॲथलेटिक्स-ॲक्रोबॅटिक्स गेले, म्हणजे तुझ्या आईला आता काळजी नाही. लेव्हल चढली की हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना यांतल्या एकात १० वाढवायचे आणि एक पर्क, म्हणजे एखाद्या स्किलमधली खास सवलत, घ्यायचा. झोपायचीही गरज नाही. शत्रू तिथेही वाढतात, पण प्रत्येक जागेला आपली हद्द आहे. दरोडेखोर एका ठिकाणी वाढायचा थांबतो, आणि एखाद्या गुहेची लेव्हल तू पहिल्यांदा आत गेलास तेव्हा ठरते ती ठरते. उलट व्हाइटरन शहराच्या बाहेर जायंट उभा असतो, त्याला तुझ्या लेव्हलशी देणंघेणं नाही. सुरुवातीला त्याच्या वाटेला गेलास तर सोट्याच्या एका फटक्यात आभाळात. मला तो जायंट म्हणूनच आवडतो. जगात काही गोष्टी आपल्यापेक्षा मोठ्या आहेत आणि आपल्यासाठी थांबलेल्या नाहीत, असं वाटतं. ऑब्लिव्हियनमध्ये ते कधी वाटलं नाही.

पण एक सांगतो. तू तिथे जाऊनही कोबी, बटाटे, गहू तोडत अल्केमीच वाढवणार, मला दिसतंय. (तोडलेला माल शेतकऱ्यालाच दिला तर तो पैसे देतो, मजुरी म्हणून!) स्कायरिममध्ये सगळेच स्किल लेव्हल चढवतात. नुसती अल्केमी आणि बोलबच्चन वाढवून ३० वर गेलास तर तिथेही मार खाशील. इथल्यापेक्षा कमी, पण खाशील.

मंत्राचं उत्तर तुला आवडणार नाही. स्कायरिममध्ये स्वतःचे मंत्र बनवता येत नाहीत. मंत्र बनवायची वेदीच काढून टाकली. दोन हातांत दोन मंत्र धरता येतात, एकच मंत्र दोन्ही हातांनी जोरात मारता येतो, ते दिसायला भारी आहे. पण विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात दारातच एक मंत्र दाखवला की प्रवेश, आणि थोड्याच कामांत तुला तिथला मुख्य करून टाकतात. सात गावं हिंडून मिळवलेल्या शिफारशीची लज्जत त्यात नाही. शिवाय विध्वंसाच्या मंत्रांनी शत्रूचं होणारं नुकसान पर्कांनी थोडं वाढतं, स्किलनं वाढत नाही, त्यामुळे मोठ्या लेव्हलला निव्वळ मांत्रिक रडकुंडीला येतो.

माझं मत विचारशील तर गेम म्हणून स्कायरिम पुढचा, जादू म्हणून ऑब्लिव्हियन. तुझं नावच मांत्रिक आहे, तेव्हा बघ.

---

आर्णी रोड:

एवढं लिहिलं म्हणजे हा माणूस ऑफिसातून लिहून राह्यला आहे.

---

हॉस्टेलवाली, अमरावती:

मशीनचं मी सांगते. स्कायरिमच्या मुख्य दोन आवृत्त्या आहेत. २०११ च्या मूळ आवृत्तीला २ जीबी रॅम आणि ६ जीबी जागा पुरते. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिट आहे, तिला ८ जीबी रॅम, १२ जीबी जागा आणि वेगळं कार्ड पाहिजे. आज दुकानात समोर येते ती स्पेशलच. तुझ्या आहे त्या मशीनवर ती चालणार नाही, उगाच पैसे घालू नकोस.

आणखी एक. स्टीम, म्हणजे गेम विकत घ्यायचं अन् चालवायचं ऑनलाइन दुकान, १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ वर चालत नाही. मूळ स्कायरिमची डीव्हीडी कुठे जुन्या बाजारात सापडली तरी ती स्टीमशिवाय सुरू होत नाही. ऑब्लिव्हियनसारखं डिस्क टाकली अन् खेळलं, असं नाही ते. म्हणजे ६४ बिट विंडोज १० टाकावंच लागेल, अन् स्पेशल एडिशनसाठी ४ जीबी रॅमची आणखी एक डीडीआर-३ पट्टी घ्यावी लागेल. ती वापरलेली स्वस्तात मिळते, आधी बोर्डावर दुसरी खाच रिकामी आहे का ते झाकण उघडून बघ.

ग्राफिक्स कार्डासाठी वापरलेलं जीटी १०३० बघ. त्याला एसएमपीएसमधून (वीज देणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही, तुझ्या जुन्या कॅबिनेटला झेपेल. पण जीडीडीआर-५ मेमरीवालं घे. त्याच नावानं डीडीआर-४ वालंही विकतात, ते चांगलंच मंद आहे आणि दुकानदार सांगत नाही. कमी सेटिंगवर स्पेशल एडिशन त्यावर खेळण्याजोगी चालते.

---

वावरातला मांत्रिक (धागाकर्ता):

दादा, ताई, खूप खूप धन्यवाद. मंत्राची वेदी नाही हे वाचून जीव थोडा हळहळला. मी 'ड्रेन हेल्थ १०० पॉइंट, १ सेकंद' असा, एका सेकंदापुरता शत्रूचा जीव ओढून घेणारा मंत्र बनवला आहे, स्वस्तात पडते अन् लहानसहान जनावर तिथंच आडवं. त्याचं नाव मी 'फवारणी' ठेवलं आहे.

पण १२ जीबी कसा उतरवू? रोज दीड म्हणजे आठ दिवस, तेही व्हॉट्सॲप बंद ठेवून. शकुंतला रेल्वे याच्याहून लवकर मूर्तिजापूरले पोचवत होती. अन् लाईट गेली की मधातच बंद.

---

हॉस्टेलवाली, अमरावती:

लाईटनं अडत नाही, स्टीमचं डाउनलोड थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पण तेवढंही नको. आमच्याकडे वायफाय आहे. गेम तू तुझ्या खात्यावर घे, यूपीआय चालतं, आणि जून-अखेरच्या किंवा डिसेंबरातल्या सेलपर्यंत थांब, निम्म्याहून खाली येतो. कोणी ओळखीचं इथे शिकत असेल तर त्याच्या लॅपटॉपवर तुझ्या खात्यानं उतरवायचा आणि स्टीममध्येच 'बॅकअप' करून पेनड्राइव्हवर घ्यायचा. घरी रिस्टोर केला की मोबाइलच्या नेटवर फक्त उरलेली अपडेट उतरेल. नाहीतर जीओजी नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घे. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, एकदा पेनड्राइव्हवर आला की स्टीमची कटकटच नाही.

आणि एफ५ बटणाच्या झटपट सेव्हवर विसंबू नकोस. दोन्ही गेममध्ये तो एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहितो. लिहिता लिहिता लाईट गेली तर सगळं पाण्यात. मेनूत जाऊन वेगळी सेव्ह करत जा. उन्हाळ्यात सीपीयूचा डबा घरच्या कूलरच्या हवेत ठेवायचा मोह होतो, तेही नको, ओल धरते. माझ्या भावानं अशीच एक रॅम घालवली आहे.

---

जुना गडी:

एक सुचवू का? २२ एप्रिल २०२५ ला ऑब्लिव्हियनचंच नवं रूप आलं, रिमास्टर्ड. त्यात लेव्हलचं गणित बदललं आहे. दर लेव्हलला १२ पॉइंट मिळतात, ते गुणांवर आपल्या मनानं वाटायचे, आणि दुय्यम स्किलही लेव्हलला हातभार लावतात. मंत्राची वेदीही आहे.

---

हॉस्टेलवाली, अमरावती:

आहे ना. फक्त १६ जीबी रॅम अन् शंभर जीबीहून जास्त जागा मागतो. दीड जीबीनं मोज बरं किती दिवस लागतात.

---

जुना गडी:

नाही मोजत.

---

वणीचा, सध्या पुण्यात:

तोपर्यंत तुझ्या आहे त्या डावावर उपाय. ऑप्शनमध्ये डिफिकल्टीची पट्टी आहे, ती डावीकडे सरकव. लाज वाटायचं कारण नाही, २३ लेव्हलचा भाजीवाला आहेस तू. क्वाच उरकून घे. आणि नवीन डाव मांडलास तर उड्या, धावणं, भाव करणं हे मुख्य सातांत घेऊ नकोस, ते बाजूला राहू दे. जे तू ठरवशील तेव्हाच वाढतं तेच मुख्य ठेव. सुरुवातीच्या लेव्हलांत एन्ड्युरन्सवर बोनस घे. क्वाचला लवकर जा, लहान लेव्हलला तिथे लहानच राक्षस असतात. काही लोक तर झोपतच नाहीत, लेव्हल २ वरच सगळा गेम काढतात. ते मात्र करू नकोस, मजा जाते.

---

वावरातला मांत्रिक (धागाकर्ता):

मंडळी, पंधरा दिवसांनी येऊन राह्यलो, वेचणी होती. पट्टी डावीकडे सरकवली अन् क्वाचचं दार बंद केलं. आत 'फवारणी' लय कामी आली, फक्त मोठ्यांवर चालत नाही, त्यांच्यापासून पळावं लागलं. तिथं ॲथलेटिक्स कामी आलं म्हणा.

नवा डावही मांडला, लेव्हल ४. दादानं सांगितल्यासारखं ब्लॉक अन् हेवी आर्मर मुख्य घेतले, ते एन्ड्युरन्सचा बोनस पाहून. जवस आताही तोडतो, पण त्यानं लेव्हल चढत नाही.

स्कायरिमचं ठरलं. झाकण उघडून पाह्यलं, दुसरी खाच रिकामी आहे. तूर विकली की रॅम, मग कार्ड, अन् गेम जूनच्या सेलमध्ये. गावचा एक पोट्टा अमरावतीले शिकते, त्याचा लॅपटॉप चांगला आहे, त्याच्याजवळ ६४ जीबीचा पेनड्राइव्ह देऊन ठेवतो. ताई, तो फॉरमॅट एफएटी-३२ दाखवून राह्यला, तसाच चालन का?

---

हॉस्टेलवाली, अमरावती:

एफएटी-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एनटीएफएस कर, म्हणजे काही अडणार नाही. फॉरमॅट करण्याआधी त्यातलं काढून घे.

आणि जवसाची चटणी त्या पोट्ट्याजवळ पाठवली तरी चालते, पत्ता त्याला मी सांगते. पण पेनड्राइव्हच्या पुडीत नको.