फातिमा–लुर्ड यात्रा: ट्रॅव्हल एजंटचा कार्यक्रम तपासून हवा आहे

आगाशीकर
नमस्कार. वसईतल्या आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) ४२ जणांची यात्रा सप्टेंबरअखेर न्यायची आहे, पोर्तुगालमधलं फातिमा आणि फ्रान्समधलं लुर्ड या मरियामातेच्या दर्शनस्थळांना. फादर सोबत आहेत, निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे. एजंटने दिलेला कार्यक्रम असा: लिस्बन, फातिमा एक रात्र, दुसऱ्या दिवशी बसने थेट लुर्ड, तिथे एक रात्र, मग पॅरिस आणि पुढे इटली. व्हिसा इटलीकडून काढू म्हणतो. हे जमण्यासारखं आहे का? बरेच जण शेतकरी आहेत, आयकर विवरण भरलेलं नाही. कागदपत्रांचं काय करायचं?

तिकीटखिडकी
फातिमा ते लुर्ड एका दिवसात होत नाही. रस्त्याने अंतर सुमारे हजार किलोमीटर. युरोपात बसचालकाला दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १० तास) गाडी चालवता येते, दर साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबणं बंधनकारक, आणि हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. त्यात शौचालयाचे थांबे धरा. दुसरा चालक घेतला तरी मंडळी मध्यरात्री लुर्डला उतरणार आणि सकाळी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) पेंगणार. वाटेत स्पेनमध्ये बुर्गोसला मुक्काम टाका. दुसरी रात्र पाम्प्लोनाला ठेवलीत तर तिथून साधारण ५० किलोमीटरवर हाविएरचा किल्ला आहे, संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये तिथेच जन्मले. जुन्या गोव्यात त्यांच्या शवपेटीपुढे रांग लावणाऱ्यांना हे ठिकाण पॅरिसपेक्षा जवळचं वाटेल. इटली काढून टाका, ती वेगळी यात्रा आहे. परतीचं विमान तुलूझहून घ्या, लुर्डपासून दोन-अडीच तासांचा रस्ता.

या सगळ्या देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण तो कुणाकडून काढायचा हे एजंटच्या सोयीने ठरत नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री समान असतील तर ज्या देशातून आधी आत शिराल त्याच्याकडे. फातिमा दोन, स्पेन दोन, लुर्ड चार अशा रात्री धरल्या तर अर्ज फ्रान्सकडे जातो. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात. १५ दिवस आधीची मुदत कागदावर आहे, पण गटाच्या अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून तीन महिने आधी फायली तयार हव्यात. विमा किमान ३० हजार युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

शेतकऱ्यांसाठी सातबारा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, त्याची विवरणपत्रं व नात्याचा पुरावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन लाख भरू नका, नकाराचं ते नेहमीचं कारण. आणि आपल्याकडचा खास घोळ: आडनावाचं स्पेलिंग. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, विवाह दाखल्यावर तिसरं. विमानाचं तिकीट, विमा आणि अर्ज अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच करा.

एजंट परदेशी सहलीवर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर) कापतो. विवरण भरलं की तो कर हिशेबात धरला जातो, जास्तीचा परत मिळतो. न भरणाऱ्यांचा तसाच अडकून राहतो.

मिस्सासेवक
लुर्डला एकच रात्र म्हणजे जाऊन न गेल्यासारखं. एप्रिल ते ऑक्टोबर रोज संध्याकाळी ५ वाजता पवित्र साक्रामेंताची (ख्रिस्तप्रसादाची) मिरवणूक आणि रात्री ९ वाजता मेणबत्त्यांची. चारला पोहोचणाऱ्या गटाची पहिली हमखास चुकते. फातिमालाही रात्री साडेनऊला दर्शनाच्या चॅपेलजवळ रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि मिरवणूक असते, म्हणून हॉटेल देवळापासून पायी अंतरावर मागा. करारात ‘फातिमाजवळ’ लिहिलंय आणि हॉटेल लांबच्या गावात निघालं, तर रात्री चालकाचे तास संपलेले असतात आणि बस मिळत नाही. १२-१३ सप्टेंबर टाळताय ते बरंच झालं. मे ते ऑक्टोबर दर महिन्याच्या त्या तारखांना फातिमाला दर्शनाचा सण असतो, हॉटेलं भरलेली आणि महाग असतात.

मराठी मिस्सासाठी दोन्हीकडे चॅपेल आणि वेळ आधी लिहून राखावी लागते. बेत पक्का होताच यात्राकेंद्राला पत्र पाठवा. फादरांनी धर्मप्रांताकडचं सेलेब्रेट (धर्मगुरू असल्याचं आणि मिस्सा करता येत असल्याचं पत्र) जवळ ठेवावं, त्याशिवाय वेदी मिळेलच असं नाही. मराठी मिस्साग्रंथ आणि गाण्यांच्या पुस्तिका इथूनच न्या. लुर्डला व्हीलचेअरवाल्यांना मिरवणुकीत पुढे जागा देतात; किती जणांना खुर्ची लागेल ते आत्ताच मोजून कळवा.

आगाशीकर
आभार. गुडघे गेलेल्या सात-आठ जणांना न्यावं की नको?

मिस्सासेवक
लुर्डला देवळाचा परिसर सपाट आहे, चालेल. अडचण रोज बॅगा बांधून हॉटेल बदलण्याची, म्हणून चार रात्री एकाच ठिकाणी म्हणतोय. ज्यांना लांबचं विमान झेपणार नाही त्यांची तामिळनाडूतल्या वेलंकनीची वेगळी यात्रा करा. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर सणाची गर्दी आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा सोडून, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहाच जण, त्यामुळे खालचे बर्थ म्हाताऱ्यांच्या नावावर आधी काढा.

तिकीटखिडकी
दोन गोष्टी राहिल्या. युरोपात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, आणि आता शिक्क्याऐवजी ठसे व फोटो घेतात. गटाला तिथून पुढचं विमान असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. आणि लुर्डचं पाणी हातातल्या बॅगेत नेऊ नका, १०० मिलिलिटरच्या वरची बाटली बऱ्याच विमानतळांवर तपासणीत काढून घेतात. झाकणाला चिकटपट्टी लावून चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मध्ये.