काठमांडूच्या कारखान्यासाठी शैवालजन्य जेलिंग पावडर: माल न्हावा शेव्याला उतरवावा का?

पावणेकर (प्रश्न)

नमस्कार. पावणे एमआयडीसीत आमचा खाद्यउद्योगाला कच्चा माल पुरवण्याचा छोटा व्यवसाय आहे. काठमांडू खोऱ्यात फळांची जेली आणि चॉकलेट दूध बनवणाऱ्या एका कारखान्याला जिलेटिन वापरायचे नाही. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते आणि तिथल्या ग्राहकांना चालत नाही. त्यांनी आमच्याकडे ‘अगर किंवा कॅरागीनन, जे स्वस्त पडेल ते’ अशी (दोन्ही समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या जेलिंग पावडरी) दोन टनांची मागणी केली आहे. इंडोनेशियाहून माल न्हावा शेव्याला उतरवावा, शुल्क भरून गोदामात ठेवावा आणि ट्रकने सीमेवरच्या रक्सौलमार्गे नेपाळमधल्या वीरगंजला पाठवावा, असा आमचा बेत आहे. तो योग्य आहे का?

दुसरी अडचण अशी की, आम्ही पाठवलेल्या अगरच्या नमुन्याची जेली आमच्याकडे वडीसारखी घट्ट झाली होती. तिथे मात्र ती सैल राहिली आणि तिच्यात कण दिसले. ते मालालाच दोष देत आहेत.

द्रोणागिरीचा सीएचए (सीमाशुल्क दलाल)

बेत योग्य नाही, असे स्पष्टच सांगतो. नेपाळला समुद्रकिनारा नसल्यामुळे भारताशी झालेल्या पारगमन (भारतातून माल पुढे नेण्याच्या) करारानुसार तिसऱ्या देशाचा माल कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम बंदरातून भारतीय आयातशुल्क न भरता नेपाळला जाऊ शकतो. कोलकात्याहून कंटेनर सुमारे ७०० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून रक्सौलमार्गे वीरगंजच्या कोरड्या बंदरात (समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोत) पोहोचतो. न्हावा शेव्याला उतरवलेल्या मालावर तुम्ही इथे शुल्क भरणार, तो दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर ट्रकने नेणार, आणि वीरगंजला तुमचा ग्राहक पुन्हा नेपाळचे शुल्क भरणार. पुनर्निर्यातीवर शुल्कपरताव्याची तरतूद आहे, पण आयात केलेला माल तोच आहे हे सिद्ध करावे लागते. त्या परताव्याच्या भरवशावर दर कधीही सांगू नका.

पारगमनाच्या व्यवहारात आयातदार नेपाळी कंपनीच असते. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजी मालाच्या पावतीवर) तिचे नाव आणि माल नेपाळकडे पारगमनात असल्याचा उल्लेख पहिल्यापासून हवा. जहाज निघाल्यावर दुरुस्ती करत बसलात तर बंदरातले भाडे चढत राहते. रिकामा कंटेनर शिपिंग लाइनला परत द्यायचा असतो, त्यामुळे मुदत उलटली की डिटेन्शन (उशिराचा आकार) लागते. हा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्या.

दुसरा सरळ मार्ग म्हणजे भारतातच बनलेला माल विकणे. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कॅरागीननसाठीच्या कॅपाफायकस शैवालाची शेती होते आणि मदुराई भागात अगर बनवणारे उद्योग आहेत. असा माल एलयूटीवर (निर्यातदाराच्या हमीपत्रावर), आयजीएसटी न भरता, रक्सौलच्या भू-सीमाशुल्क स्थानकातून निर्यात करता येतो आणि पैसे भारतीय रुपयांत घेता येतात. नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी १०० ला १६० या दराने बांधलेला असल्यामुळे ग्राहकालाही डॉलरच्या चढउताराची धास्ती राहत नाही. मात्र इंडोनेशियाची पावडर इथे नव्या पोत्यांत भरली म्हणून ती भारतीय होत नाही. तिच्यासाठी भारतीय उत्पत्तीचा दाखला मागू नका.

सीमाशुल्क वर्गीकरणाचे सहा अंकही तपासा: अगर १३०२ ३१ मध्ये येते, कॅरागीनन १३०२ ३९ मध्ये. दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले इन्व्हॉइस मी पाहिले आहे आणि त्या मालाचे सीमेवर काय झाले तेही पाहिले आहे.

नौपाड्याची फूड टेक्नॉलॉजिस्ट

मार्गाआधी पदार्थ ठरवायला हवा. ‘जे स्वस्त पडेल ते’ ही मागणीच चुकीची आहे, कारण अगर आणि कॅरागीनन एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

तुमच्या नमुन्यातल्या कणांचे कारण बहुधा काठमांडूच्या उंचीत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर असल्याने तिथे उघड्या कढईत पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते. घरी चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत आपण ते उकळतो, तसेच साध्या अगरलाही पूर्ण उकळी लागते. तिथे पाणी खळखळताना दिसते, कामगार गॅस बंद करतो आणि अगर अर्धवट विरघळलेले राहते. त्यात साखर आधीच घातली असेल तर पाणी साखरेने धरून ठेवलेले असते आणि अगर फुगतही नाही. म्हणून आधी अगर साध्या पाण्यात भिजवून जास्त वेळ उकळावे, मग साखर घालावी आणि सायट्रिक आम्ल आच बंद केल्यावर अगदी शेवटी, कारण आम्लात उकळलेल्या अगरची ताकद तुटते. दाबाची केटल असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर कमी तापमानाला विरघळणारी अगरची प्रत मागवावी.

चॉकलेट दुधासाठी मात्र कॅरागीननच हवे. त्यातला कप्पा प्रकार दुधातल्या केसीन या प्रथिनाशी जोडला जाऊन इतकी नाजूक जाळी तयार करतो की अवघ्या ०.०२ ते ०.०३ टक्के मात्रेत कोकोचा चोथा तळाशी बसत नाही. म्हणजे एक किलो पावडर तीन ते पाच हजार किलो दुधाला पुरते. दोन टनांपैकी दुधासाठी नेमके किती लागणार, हा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही.

खरेदी करताना कॅरागीननच्या ई ४०७ आणि ई ४०७ए या दोन प्रतींतला फरक लिहून घ्या. पहिले शुद्ध केलेले असते आणि त्यात आम्लात न विरघळणारा भाग २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही; दुसऱ्यात शैवालातला सेल्युलोज शिल्लक असल्याने तो ८ ते १५ टक्के असतो. दुसरे स्वस्त असले तरी पारदर्शक जेली त्याने गढूळ दिसते. शिवाय विक्रेते ताकद एकसारखी ठेवण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड किंवा साखर मिसळतात. त्यात गैर काही नाही, पण जेलची ताकद नुसत्या पाण्यात मोजली की पोटॅशियमच्या द्रावणात, हे न विचारता दोन दरांची तुलना केली तर तुम्ही मिठालाच कॅरागीननचा भाव द्याल.

पावणेकर

दोघांचेही आभार. आज त्यांच्या उत्पादन व्यवस्थापकांशी बोललो. कढई उघडीच आहे, साखर आणि अगर कोरडे मिसळून एकदमच घालतात, आणि दुधासाठी महिन्याला पंधरा किलोंपेक्षा जास्त कॅरागीनन लागणार नाही. दोन टनांचा आकडा त्यांनी जुन्या जिलेटिनच्या खपावरून धरला होता. आता तमिळनाडूतल्या उत्पादकाकडून दोन्हींचे छोटे नमुने मागवत आहे.

तुर्भ्याचा गोदामवाला

नमुने पावसाळ्यात पाठवणार असाल तर आतली पॉलिथिनची पिशवी उष्णतेने बंद करून घ्या. ही पावडर हवेतले पाणी ओढते. गेल्या जुलैत आमच्याकडे कोपऱ्यातल्या एका ड्रमचे झाकण सैल राहिले आणि आठवडाभरात वरच्या थराचे खडे झाले. प्रत्येक पिशवीवर बॅच क्रमांक असू द्या आणि त्याच बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र सोबत ठेवा; नेपाळच्या खाद्य प्रविधी विभागाच्या तपासणीत दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.