स्पीकिंगमध्ये ‘गाणं शिकलात का?’ विचारलं आणि मी ‘नो’ म्हणाले. भजनी मंडळाचं इंग्रजीत कसं सांगायचं?

मखमलाबादची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. पुढच्या महिन्यात आयईएलटीएस ॲकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा देतेय. यूकेच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनला रायटिंगमध्ये साडेसहा चालतात, पण स्पीकिंगला ७ लागतातच. बाकीचं जमतंय, अडतंय ते बोलण्यात.

शनिवारी क्लासमध्ये मॉक, म्हणजे सराव परीक्षा झाली. पार्ट वनला, म्हणजे स्पीकिंगच्या पहिल्या भागात, सरांनी विचारलं, ‘डू यू लाइक सिंगिंग?’ मी म्हटलं, ‘येस, आय लाइक सिंगिंग व्हेरी मच, बिकॉज इट गिव्ह्ज मी पीस ऑफ माइंड.’ मग त्यांनी विचारलं, ‘हॅव यू एव्हर लर्न्ट टू सिंग?’ मी ‘नो’ म्हणाले आणि थांबले. पुढचे दहा सेकंद नुसता पंख्याचा आवाज.

ते ‘नो’ मला दोन दिवस टोचतंय, कारण ते खरं नाही. आईच्या आईचं गाव सिन्नर तालुक्यात. सात वर्षांची असल्यापासून मी आजीच्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर काकडा, पहाटे साडेचारला देवळात. थंडीनं बोटं आखडायची, टाळ सुटायचा, तर आजी मागे बसून माझ्या पाठीवर दोन बोटांनी ठेका धरायची. ‘चल, आता तू म्हण’ असं ती कधी बोलली नाही. एक दिवस तिचा आवाज मध्येच बंद झाला आणि ओळ मी पुढे नेली, एवढंच. आजही नाईट संपवून एकादशीला इथल्या मंडळात जाते. हे मराठीत मी तासभर सांगेन. इंग्रजीत एक वाक्य फुटत नाही.

सरांनी मला तयार उत्तराचा कागद दिला. त्यात आहे की मी शॉवरखाली पॉप गाणी मोठ्यानं गाते. मी पाठ केलं, पण म्हणताना जीभ जड होते. आमच्या वाड्यात तीन खोल्यांना मिळून एक बाथरूम आहे, बाहेर कुणीतरी बादली घेऊन उभंच असतं. तिथे मी कधीच गायले नाही.

तर विचारायचं असं, की भजनी मंडळ, टाळ, काकडा यांना परीक्षकाला कळेल असं काय म्हणू? देवाचं बोललेलं चालतं का? आणि पाठ केलेलं चकचकीत उत्तर द्यावं की माझं मोडकंतोडकं?

ओझरकर

ताई, शॉवरचा कागद आजच फाडा.

माझे पहिल्या वेळी स्पीकिंगला ६ आले होते, दुसऱ्या वेळी साडेसात. पहिल्या वेळी मी पण पाठ करून गेलो होतो, विषय संगीत. दोन वाक्यं झाली आणि परीक्षक बाईंनी मला थांबवून विचारलं, शेवटचं गाणं कधी गायलात आणि कुठे? माझ्या पाठांतरात ‘कधी’ आणि ‘कुठे’ नव्हतं. तिथून जो घसरलो तो पार्ट थ्रीपर्यंत सावरलो नाही. पाठ केलेलं त्यांना ऐकू येतं हो. आवाज एकदम सपाट होतो आणि वेग वाढतो. पुढचा प्रश्न पाठांतराबाहेरचा आला की इंग्रजी अचानक दुसऱ्याच माणसाचं वाटायला लागतं.

गुण चार गोष्टींना असतात, चारींना सारखं वजन: न अडखळता आणि सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक, देवाचं की सिनेमाचं, याला पाचवा रकाना नाही. देवळाबद्दल बिनधास्त बोला. फक्त धर्म समजावत बसू नका, कारण पार्ट वन सगळा मिळून चार-पाच मिनिटांचा, त्यात दोन-तीन विषय उरकायचे असतात. एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं पुष्कळ.

आणि मध्येच थांबवलं तर घाबरू नका. ते वेळ पाळत असतात. पूर्ण मुलाखत ११ ते १४ मिनिटांतच बसवावी लागते.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षक

मुली, तुझ्या प्रश्नातलं ‘ओळ मी पुढे नेली’ हे वाक्य वाचून मी दोन मिनिटं थांबलो. हेच इंग्रजीत आण. त्यासाठी अवघड शब्द लागत नाहीत.

‘भजन’ म्हणून सोडून दिलंस तर समोरच्याला चित्र दिसणार नाही, आणि शब्दकोशातला प्रतिशब्द शोधत बसलीस तर अडखळशील. मराठी शब्द एकदा उच्चारायचा आणि लगेच साध्या वाक्यात उलगडायचा. टाळ म्हणजे ‘स्मॉल हँड सिम्बल्स’. मंडळ म्हणजे ‘अ ग्रुप ऑफ विमेन हू सिंग टुगेदर इन द टेम्पल’. अभंग म्हणजे ‘ओल्ड डिव्होशनल पोएम्स सेट टू म्यूझिक’. काकडा सांगताना वेळ सांग: ‘फॉर अ मंथ एव्हरी ऑटम वी सिंग बिफोर डॉन’. शब्दसंपत्तीचे गुण असे शब्द न अडता वापरल्याचे मिळतात. शब्द आठवला नाही तरी वळसा घालून अर्थ पोचवता येणं हेही त्यातच धरलं जातं.

आता आपल्या मराठी माणसांच्या खास चुका. चाळीस वर्षं मी त्या तपासल्या आहेत. पहिली, आपण गाणं ‘म्हणतो’, म्हणून मुलं ‘शी सेड अ साँग’ लिहितात. इंग्रजीत गाणं फक्त गातात. सिंग, सँग, संग ही तिन्ही रूपं रोज घोक. दुसरी, ‘आय ॲम सिंगिंग सिन्स चाइल्डहुड’. इथे ‘आय हॅव बीन सिंगिंग सिन्स आय वॉज सेव्हन’ म्हण, सात वर्षांची ती मुलगी लगेच दिसते. तिसरी, ‘आय बायहार्टेड इट’. ‘बाय हार्ट’ला क्रियापद करता येत नाही, ‘आय नो इट बाय हार्ट’ हे ठीक. आजीबद्दल सांगताना ‘यूज्ड टु’ वापर, म्हणजे पूर्वी नेहमी व्हायचं हे दोन शब्दांत येतं: ‘शी यूज्ड टु टॅप द बीट ऑन माय बॅक’.

उच्चाराकडे मुद्दाम लक्ष दे, कारण हा विषय निघाला की ‘सिंगिंग’ हा शब्द तुला दहा वेळा म्हणावा लागणार. आपण ‘सिंग-गिंग’ म्हणतो, मध्ये ठसठशीत ग येतो. इंग्रजीत तिथे ग नाहीच. ‘वाङ्मय’ शब्द हळू म्हण आणि त्यातल्या ङ वर थांब. जीभ जिथे टेकते तोच आवाज, त्याच्यापुढे ग न फोडता थेट पुढच्या स्वरावर जायचं. ‘फिंगर’मध्ये मात्र ग आहे, त्यामुळे ‘सिंगर’ आणि ‘फिंगर’ यांचं यमक जुळत नाही. दुसरं, आपल्याकडे व एकच, त्यांच्याकडे दोन. ‘व्हिलेज विमेन’ म्हणून बघ. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. तुझ्या उत्तरात हे दोन शब्द शेजारी येणारच आहेत, तेव्हा आरशासमोर म्हण.

सातपूर_एमआयडीसी

मधेच एखादी ओळ गाऊन दाखवली तर? छाप पडेल ना?

ओझरकर

नको दादा. गाण्याला गुण नाहीत आणि तेवढे सेकंद इंग्रजीशिवाय जातात. गायला सांगतही नाहीत.

पंचवटीतली_गाणंबाई

इंग्रजीतलं मला फारसं कळत नाही. पण ‘गाणं शिकलात का?’ला तुम्ही ‘नाही’ म्हणालात, ते मला लागलं म्हणून लिहिते.

मी गांधर्वच्या, म्हणजे शास्त्रीय गाण्याच्या, परीक्षांना मुलं बसवते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद. प्रमाणपत्र असलं तरच शिकलं असं पालकांनाही वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याला शाळा, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली. तेच पलुस्कर पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले ते रामनामासाठी. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्मही इथलाच, १९२१चा. विष्णु दिगंबर एवढे मोठे शिक्षक, पण भजन त्यांनी कधी हलकं मानलं नाही, मैफलीत मानानं गायलं. मग तुम्ही का हलकं मानता?

पाठीवर धरलेला ठेका ही शिकवणीच आहे. माझ्याकडे तीन-तीन वर्षं येणाऱ्या मुलांना हार्मोनियम थांबली की सूर धरवत नाही. तुम्ही आजींचा आवाज थांबल्यावर ओळ पुढे नेलीत. ‘हो, शिकले, आजीकडे’ असं सांगा, ताठ मानेनं. क्लासला गेले नाही, हे हवं तर मागाहून सांगा.

मखमलाबादची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजीला जाऊन चार वर्षं झाली.

काल नाईटला पहाटे तीननंतर वॉर्ड शांत होता, तेव्हा पेशंटच्या नोंदी झाल्यावर सोबतच्या सिस्टरला परीक्षक केलं. कागद न बघता बोलले आणि फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकून इथे उतरवते, जसं निघालं तसं:

‘येस, बट नॉट इन अ क्लास. आय लर्न्ट फ्रॉम माय ग्रँडमदर. आय हॅव बीन सिंगिंग विथ द व्हिलेज विमेन सिन्स आय वॉज सेव्हन. शी यूज्ड टु सिट बिहाइंड मी अँड टॅप द बीट ऑन माय बॅक विथ टू फिंगर्स. वन मॉर्निंग शी स्टॉप्ड, अँड आय सँग द नेक्स्ट लाइन अलोन.’

तीस सेकंदांच्या आत झालं. ‘सिंगिंग’मध्ये ग एकदा फुटलाच. ‘व्हिलेज विमेन’ तिसऱ्यांदा जमलं. सर, वाङ्मयाची युक्ती सिस्टरलाही शिकवली, ती आता औषधांची ट्रॉली ढकलताना ‘वाङ्, वाङ्’ करते.

शेवटी सिस्टरनं स्वतःच्या मनानं विचारलं, ‘व्हॉट डिड युअर ग्रँडमदर से आफ्टर दॅट?’ हे कुठल्याच कागदावर नव्हतं, तरी मी थांबले नाही. म्हटलं, ‘नथिंग. शी जस्ट केप्ट टॅपिंग.’

आता पार्ट थ्रीची भीती उरलीय. शाळेत गाणं शिकवावं का, सणाला लोक एकत्र का गातात, असे प्रश्न येतात म्हणे, आणि तिथे आजी पुरणार नाही. रविवारी दुपारी दोन ते चार मी मोकळी असते. गंगापूर रोड किंवा पंचवटीच्या बाजूला कुणी सरावाला बसणार असेल तर इथेच सांगा, मी येते.